स्नायूंचं दुसरं दार

भाच्याने एका डब्याचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ होती : "मावशी, हे घेतलं तर चालेल का मला?"

डबा प्रोटीन पावडरचा. भाचा तेवीस वर्षांचा, अकराव्या वर्षापासून टाइप वन मधुमेह, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीच नष्ट झालेल्या. नोकरीच्या धबडग्यात आठ महिने सुटलेला व्यायाम त्याने नुकताच पुन्हा सुरू केला होता. जिममध्ये एकाने त्याला सांगितलं की पावडरीने किडनी जाते. दुसऱ्याने सांगितलं की क्रिएटिन घे, शुगर आपोआप ताब्यात येते. दोघांनीही तितक्याच खात्रीने सांगितलं, म्हणून तो गोंधळला. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, त्यामुळे असे प्रश्न माझ्याकडे येतात. पण त्याला उत्तर देताना माझ्या लक्षात आलं की खरा प्रश्न डब्याचा नव्हताच, पहिल्या रात्रीचा होता.

त्या दिवशी त्याने संध्याकाळी पायांचा व्यायाम केला. सुरुवातीला शुगर १४०, सात वाजता संपवताना १९०. व्यायामाने शुगर कमी होते असं शाळेपासून ऐकलेलं, आणि इथे ती वाढलेली. त्याने लगेच इन्सुलिनचा वरचा डोस घेतला, जेवला, १३० वर झोपला. रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी त्वचेखालच्या शुगर मोजणाऱ्या सेन्सरचा अलार्म वाजला : ५८, आणि बाण खाली. ताईने उठून ग्लुकोज दिलं. सकाळी त्याचं मत ठरलेलं : "मशीनच बिघडलंय."

मशीन ठीक होतं. ते १९० आणि ते ५८, दोन्ही आकडे खरे होते. ते कसे, हे समजायला स्नायूच्या पेशीत शिरावं लागेल.

आपल्या संपूर्ण रक्तात एका वेळी ग्लुकोज असतं किती? साधारण पाच ग्रॅम. म्हणजे एक लहान चमचा! जोरात व्यायाम करणारे स्नायू मिनिटाला ग्रॅमभर ग्लुकोज सहज ओढतात. यकृताने मागून भर घातली नाही, तर हा चमचा काही मिनिटांत रिकामा होईल. ग्लुकोज पेशीत आपणहून झिरपत नाही. त्याला आत घेणारं एक प्रथिन लागतं, त्याचं नाव ग्लूट-४. एरवी हे ग्लूट-४ पेशीच्या आत पुटिकांमध्ये, म्हणजे इवल्या पिशव्यांमध्ये ठेवलेलं असतं, पृष्ठभागावर फारच थोडं. इन्सुलिन पेशीच्या बाहेरच्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटतं, आत निरोपांची साखळी सुरू होते आणि पुटिका पृष्ठभागाकडे सरकतात. दार उघडतं, ग्लुकोज आत येतं.

शाळेत इथवर शिकवतात : इन्सुलिन म्हणजे किल्ली. पण स्नायूला दुसरंही दार आहे आणि त्याला ही किल्ली लागतच नाही. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा त्याच्या आत कॅल्शियम सुटतं, एटीपी हे पेशीचं इंधन खर्च होऊन त्यातून उरलेलं एएमपी साठू लागतं आणि पेशीवर यांत्रिक ताण येतो. एएमपी वाढलं की एएमपीके नावाचं विकर जागं होतं. हे विकर म्हणजे पेशीचा इंधनमापक. इंधन कमी पडतंय हे त्याला कळलं की तेही ग्लूट-४ च्या पुटिका वर पाठवतं. इन्सुलिन शून्य असलं तरी. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी नष्ट झालेल्या माणसाचा स्नायूसुद्धा हे दार स्वतःच्या बळावर उघडू शकतो. वीस वर्षं हे शिकवूनही वर्गात या ठिकाणी आल्यावर मला दर वेळी थांबावंसं वाटतं.

आता थोडं आणखी खोल. हे दोन रस्ते वेगळे असले तरी शेवटी एकाच ब्रेकपाशी येतात. टीबीसी१डी४ हे एक प्रथिन पुटिकांना जागेवर अडवून धरतं. इन्सुलिनच्या रस्त्यावरचं एकेटी नावाचं विकर या ब्रेकवर फॉस्फेट चिकटवून तो सैल करतं. एएमपीकेही त्यावर फॉस्फेट चिकटवतं, पण बऱ्याच अंशी वेगळ्या जागांवर. व्यायामाने उघडलेलं दार दोन-तीन तासांत मिटत जातं, पण ब्रेक लगेच पहिल्यासारखा घट्ट होत नाही. त्यामुळे व्यायामानंतर एक ते दोन दिवस तेवढ्याच इन्सुलिनला स्नायू कितीतरी जास्त प्रतिसाद देतो. उंदरांवरच्या प्रयोगांत एएमपीके काढून टाकलं की हा वाढीव प्रतिसादच नाहीसा होतो. शिवाय स्नायूतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या ग्लुकोजचा, साठा उपसलेला असतो, तो भरून काढण्यासाठी स्नायू रात्रभर ग्लुकोज ओढत राहतो. हा परिच्छेद अवघड गेला असेल तर एवढंच धरून ठेवा : दुसरं दार मिटल्यावर किल्ली जास्त चालायला लागते.

म्हणूनच ते दोन चाळीस. टाइप वनच्या किशोरवयीन मुलांवर २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दुपारच्या व्यायामानंतर ग्लुकोजची गरज दोनदा वाढलेली दिसली : एकदा व्यायाम करताना आणि लगेच नंतर, दुसऱ्यांदा सात ते अकरा तासांनी. सातला व्यायाम संपला, तर ही दुसरी लाट बरोबर गाढ झोपेत येते.

ज्याला मधुमेह नाही त्याच्याही स्नायूंत हेच घडतं, मग तो रात्री का कोसळत नाही? कारण त्याचं स्वादुपिंड व्यायाम सुरू होताच इन्सुलिन आखडतं घेतं, आणि रात्री शुगर उतरू लागली तर आणखी कमी करतं. इथेच ग्यानबाची मेख आहे. टोचलेलं इन्सुलिन परत घेता येत नाही. उलट व्यायामाने त्वचेखालचं रक्ताभिसरण वाढून ते अधिक वेगाने शोषलं जातं. यकृताला साठा सोडायला सांगणारं ग्लुकागॉन हे संप्रेरकही टाइप वनच्या रुग्णांत शुगर उतरल्यावर हवं तसं स्रवत नाही. एकदा हायपो, म्हणजे शुगर फार खाली जाणं, होऊन गेला की पुढच्या दिवशी शरीराचा बचाव आणखी मंदावतो. म्हणूनच गेल्या चोवीस तासांत गंभीर हायपो झाला असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही. हा नियम भित्र्यांसाठी नाही, सगळ्यांसाठी आहे.

राहिला तो १९०. जड वजनं उचलताना ॲड्रेनॅलिन उसळतं आणि यकृत साठ्यातलं ग्लुकोज रक्तात ओततं. स्नायू ओढतात त्यापेक्षा ते जास्त ओततं, म्हणून शुगर चढते. हा चढ तात्पुरता असतो. त्यावर पूर्ण डोस घेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात, कारण त्या डोसची आणि सैल झालेल्या ब्रेकची गाठ पुढे पडते. भाच्याचं नेमकं हेच झालं. याच ॲड्रेनॅलिनचा उपयोगही करून घेता येतो. धावणं आणि वजनं एकाच दिवशी असतील तर आधी वजनं उचलली की धावताना शुगर कमी घसरते. मध्यम गतीच्या व्यायामाच्या शेवटी दहा सेकंद जीव तोडून पळालं तरी पुढची घसरण काही काळ अडते.

व्यायामाकडे परतणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते, ती फारसं कुणी सांगत नाही. तिसऱ्या दिवशी भाच्याचा पुन्हा फोन. जिने उतरताना मांड्या ठणकत होत्या, आणि तेवढंच इन्सुलिन घेऊनही शुगर २२० च्या खाली येईना. सवय सुटलेल्या स्नायूला वजन हळूहळू खाली आणताना, म्हणजे ताणलं जात असतानाच जोर लावताना, सूक्ष्म इजा होते. अशा दुखावलेल्या स्नायूत ग्लूट-४ काही दिवस चक्क घटतं आणि ग्लायकोजेनही सावकाश भरतं. म्हणजे पहिल्या रात्री इन्सुलिन जास्त चालतं, आणि अंग ठणकायला लागल्यावर कमी. त्यामुळे पहिल्या पंधरा दिवसांच्या आकड्यांवरून कायमचे डोस ठरवू नयेत. निम्म्या वजनांनी सुरुवात केली तर हा गोंधळही कमी होतो.

आता डबा. मी त्याला डब्याची मागची बाजू पाठवायला सांगितलं, कारण पुढच्या बाजूला फक्त फुगवलेल्या दंडाचं चित्र असतं. मागे लिहिलं होतं : एका स्कूपमध्ये प्रथिनं २४ ग्रॅम, कर्बोदकं ३ ग्रॅम. हे चालेल. बीटा पेशी शाबूत असलेल्या माणसात व्हे, म्हणजे दुधातल्या निवळीचं, प्रोटीन इन्सुलिन स्रवायला लावतं. टाइप वनमध्ये तो भाग नाही, उरतं ते ग्लुकागॉन. म्हणून एकाच वेळी ७५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रथिनं घेतली तर तीन ते पाच तासांनी शुगर चढते. एका स्कूपने तसं होत नाही. निरोगी किडनी प्रोटीनने बिघडते असाही पुरावा नाही. किडनीवर आधीच परिणाम झालेला असेल तर मात्र प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं.

वजन वाढवणारे गेनर ही निराळी गोष्ट. त्यात प्रथिनांपेक्षा कर्बोदकं कितीतरी जास्त, काहींत एका वेळच्या मात्रेत शंभर ग्रॅमहून अधिक. ती बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिनची असतात. माल्टोडेक्स्ट्रिन जिभेला फारसं गोड लागत नाही, पण रक्तात ते ग्लुकोजइतक्याच झपाट्याने उतरतं. "साखर नाही" हे डब्यावरचे शब्द वाचून फसू नका, एकूण कर्बोदकांची ओळ वाचा.

क्रिएटिनबद्दल मला आस्था आहे, कारण ताकद वाढवण्याच्या बाबतीत सर्वांत जास्त तपासलं गेलेलं पूरक तेच आहे. रोज ३ ते ५ ग्रॅम पुरतं. व्यायामासोबत क्रिएटिन घेतल्यावर शुगर सुधारल्याचे काही निष्कर्ष आहेत, पण ते टाइप टूच्या रुग्णांतले. ते उचलून टाइप वनवर चिकटवणं चूक आहे. किडनीची भीती कुठून येते तेही सांगते. शरीरातल्या क्रिएटिनचा एक-दोन टक्के भाग रोज क्रिएटिनिन होऊन बाहेर पडतो, आणि किडनीचं काम मोजायला आपण रक्तातलं क्रिएटिनिनच बघतो. क्रिएटिन घेतलं, स्नायू वाढले, की किडनी ठणठणीत असूनही हा आकडा थोडा चढू शकतो. मधुमेहात किडनीची तपासणी दर वर्षी होते, म्हणून रक्त देताना क्रिएटिन घेत असल्याचं सांगावं. शंका राहिली तर सिस्टॅटिन सी ही चाचणी आहे, तिला क्रिएटिनने फरक पडत नाही.

व्यायामाआधीच्या पावडरींची मला जास्त काळजी वाटते. त्यातल्या कॅफिनने हात थरथरतात, छाती धडधडते. हायपोचीही हीच लक्षणं! बीटा-ॲलनिनने ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. शुगर उतरल्याचा इशारा ओळखायला ज्याने वर्षानुवर्षं शरीराचं ऐकायला शिकलं, त्याच्या कानाशी हा गलका कशाला? घ्यायचंच असेल तर लक्षणांवर विसंबू नये, दर वेळी आकडा बघावा.

आकडाही कधी फसवतो. भरपूर क जीवनसत्त्व, दिवसाला ५०० मिलिग्रॅमच्या पुढे, घेतलं तर काही सेन्सर शुगर प्रत्यक्षाहून जास्त दाखवतात. त्या खोट्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर काय होईल ते सांगायला नको. आपल्या सेन्सरची माहितीपत्रिका एकदा पूर्ण वाचावी. शिवाय सेन्सर रक्तात नसतो, पेशींभोवतीच्या द्रवात असतो. त्यामुळे शुगर झपाट्याने बदलत असताना तो काही मिनिटं मागे असतो. व्यायामात शंका आली की बोटाला टोचून बघणं बरं.

एका गोष्टीवर मला चिडल्याशिवाय राहवत नाही. "इन्सुलिनची सवय लागते, आमचं चूर्ण मधुमेह मुळापासून घालवतं" असं सांगणारे लोक नेमके अशा उत्साही मुलांना गाठतात. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्प्सन या किशोरवयीन मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी टाइप वनचं निदान म्हणजे मरणाची चिठ्ठी होती. सवय श्वासाचीही असते. इन्सुलिन पूर्ण बंद केलं तर काही तासांत रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळून तयार होणारी आम्लं, वाढू लागतात आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. कुठल्याही चूर्णाने मेलेल्या बीटा पेशी परत येत नाहीत.

आणि इन्सुलिन घेऊन काय करता येतं? वासिम अक्रमला १९९७ साली टाइप वन निघाला. त्यानंतर तो आणखी सहा वर्षं जलद गोलंदाजी करत राहिला, एकदिवसीय सामन्यांत पाचशे बळी घेणारा पहिला ठरला. जलतरणपटू गॅरी हॉल ज्युनियरला १९९९ मध्ये निदान झालं, आणि त्याने सिडनी २०००, अथेन्स २००४ अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये ५० मीटरचं सुवर्ण मिळवलं.

भाच्याने डॉक्टरांशी बोलून आकडे ठरवले. सुरुवात १२६ ते १८० च्या दरम्यान. ९० च्या खाली असेल तर आधी १० ते २० ग्रॅम ग्लुकोज, चढेपर्यंत थांबायचं. २७० च्या वर असेल तर कीटोन तपासायचे, १.५ किंवा त्याहून जास्त आले तर व्यायाम रद्द आणि उपचार आधी. व्यायामानंतर शुगर चढलेली दिसली तरी लगेच पूर्ण बोलस, म्हणजे एकदम घ्यायचा इन्सुलिनचा डोस, नाही. संध्याकाळी व्यायाम झाला तर पंपावरचं बेसल, म्हणजे पंपातून सतत थोडं थोडं जाणारं इन्सुलिन, झोपताना सहा तासांसाठी २० टक्के कमी. हे त्याचे आकडे आहेत, तुमचे तुमच्या डॉक्टरांकडून घ्या.

पुढच्या आठवड्यात पुन्हा पायांचा दिवस आला. सकाळी त्याने आलेख पाठवला. रात्री तीनच्या सुमाराला रेष ११० पर्यंत वाकली होती आणि तिथून सरळ गेली होती. त्याखाली डब्याचा नवा फोटो होता. झाकणावर काळ्या मार्करने त्याने लिहिलं होतं : "१ स्कूप = कार्ब ३. बोलस नको. रात्री बघणे."