चपडी की पीयू? फरक चमकेचा नाही

चपडीचं पॉलिश आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. लाखेची चपडी स्पिरिटमध्ये विरघळवायची, लिटरला साधारण १५० ग्रॅम, आणि मलमलीत कापूस गुंडाळून हातावर हात चढवत जायचं. सांगली-साताऱ्याच्या जुन्या घरांतले पलंग, कपाटं, आरामखुर्च्या यावरच झाल्यात. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांवरचं पारंपरिक पॉलिशही लाखेचंच.

घोळ होतो तो पीयूशी, म्हणजे पॉलियुरेथेनच्या पॉलिशशी, तुलना करताना. पॉलिश न केलेलं सागाचं टेबल दारात येऊन पडतं, मालक विचारतो काय मारायचं, आणि ठरलेलं उत्तर येतं: ‘पीयू मारा, भारी असतं, चमक जात नाही.’ म्हणजे चपडी स्वस्तातली आणि पीयू तिचीच महागडी आवृत्ती! हे ऐकून ऐकून कान किटलेत. पीयू मॅटमध्येही मिळतो आणि चांगल्या कारागिराने चढवलेल्या चपडीत चेहरा दिसतो. चमकेवरून निवड करूच नका.

विचारायचं ते एवढंच: वाळलेला थर परत विरघळतो का?

चपडी वाळते म्हणजे तिच्यातलं स्पिरिट उडून जातं. दुसरं काही घडत नाही. गुळाचं पाणी आटवलं की पुन्हा गूळच हाती येतो, तसंच. वर्षांनंतरही तिच्यावर स्पिरिट लावलं की ती सुटते. टू-पॅक, म्हणजे बेस आणि हार्डनर अशा दोन डब्यांत येणाऱ्या, पीयूचं तसं नाही. बेसमध्ये हार्डनर मिसळला की दोघांची रासायनिक क्रिया सुरू होते आणि जो थर तयार होतो तो स्पिरिटला दाद देत नाही, थिनरलाही नाही. म्हणूनच मिसळलेला पीयू काही तासांत संपवावा लागतो, नाहीतर डब्यातच घट्ट होतो. चपडीची बाटली मात्र काही महिने चालते.

आता वापरताना काय होतं ते बघा. चपडीच्या टेबलावर गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उठतं. सॅनिटायझर सांडला तर पॉलिशच निघतं, कारण त्यात स्पिरिटसारखंच अल्कोहोल असतं. पीयूला यातलं सहसा काही होत नाही. पण दुरुस्तीची वेळ आली की पारडं फिरतं. चपडीवरचं वर्तुळ स्पिरिटने जेमतेम ओलावलेला बोळा हलक्या हाताने फिरवला की बहुतेकदा जातं. ओरखड्यावर नवा हात मारला तर तो जुन्या थरात मिसळून एकजीव होतो, जोड दिसत नाही. पीयूचा नवा थर जुन्यावर नुसता बसतो. त्याला पकड मिळावी म्हणून आधी काचपेपर मारावा लागतो, आणि तेवढ्याच तुकड्यावर मारलात तर कडा उठून दिसते. म्हणजे एका खोल ओरखड्यासाठी अख्खं टेबल घासायचं.

म्हणून जेवणाचं टेबल, ओट्याजवळची कपाटं, मुलांचं अभ्यासाचं टेबल यांना पीयूच मारा. पलंग, पुस्तकांचं कपाट, बैठकीतल्या खुर्च्या यांना चपडी. आणि आजोबांच्या शिसवी खुर्चीवर पीयूचा स्प्रे मारू पाहणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. जे पॉलिश जागच्या जागी दुरुस्त होत आलं, ते पुढच्या पिढीला खरवडून काढायला लावणं मला अजिबात पटत नाही.

मेलामाइन या तिसऱ्या पॉलिशचं विचाराल तर तेही पीयूच्याच बाजूचं, परत न विरघळणारं.

‘खाली चपडी, वर पीयू’ हा तोडगाही ऐकू येतो. साध्या चपडीत मूळचं मेण असतं, त्यावर पीयू नीट धरत नाही आणि पुढे पापुद्रे सुटतात. करायचंच असेल तर मेण काढलेली चपडी मागून घ्या. जुन्या सामानावर काय आहे हे कळत नसेल, तर मागच्या बाजूला स्पिरिटचा बोळा थोडा वेळ दाबून धरा. चिकट होऊन बोळ्याला तपकिरी रंग लागला तर चपडी असणार. काहीच झालं नाही तर पीयू किंवा मेलामाइन धरून चाला.

पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे जुलै-ऑगस्टमध्ये यातलं काहीच काढू नका. दमट हवेत चपडी पांढरट पडते, आणि पीयूचा हार्डनर हवेतल्या ओलाव्याशीच क्रिया करून थरात बुडबुडे आणतो. माण-खटावला पावसाळ्यातही कोरडे दिवस मिळतात, तिथे जमेल. बाकीच्यांनी, कारागीर कितीही घाई करो, त्याला दिवाळीनंतरची तारीख द्यावी.