कासवाच्या पाठीवर डोंगर का उगवतात?

पाळलेल्या जमिनीवरच्या कासवाची पाठ जवळून बघितलीत तर पुष्कळदा एकेक चकती टोक काढून वर आलेली दिसते, डोंगरांची रांगच जणू, आणि मालकाला वाटतं जातच तशी असेल. काही जातींत थोडे उंचवटे असतात हे खरं, पण बहुतेक वेळा हे पिरॅमिडिंग असतं, म्हणजे वाढ बिघडून चकत्या पिरॅमिडसारख्या उंचावणं. एकदा झालं की ते जात नाही, पुढची वाढ तेवढी सपाट होऊ शकते.

पूर्वी सगळं खापर खाण्यावर फुटायचं, प्रोटीन जास्त झालं म्हणे. मग २००३ साली सुलकाटा जातीच्या पिल्लांवरचा एक अभ्यास आला, त्यात पिल्लांना कमीजास्त प्रोटीन आणि कमीजास्त दमट हवा देऊन ५ महिने वाढवलं होतं. कोरड्या हवेतल्या पिल्लांच्या पाठी जास्त उंचावल्या, प्रोटीनचा परिणाम त्यामानाने किरकोळ निघाला. आता सुलकाटा म्हणजे सहाराच्या कडेचं कासव, त्याला कसला दमटपणा असं कुणालाही वाटेल, पण ते राहतं कुठे तर खोल बिळात, आणि बिळातली हवा बाहेरच्यापेक्षा बरीच ओलसर असते. आपण त्याला वाळवंट देतो आणि बीळ द्यायचं विसरतो!

म्हणून एक झाकलेला कोपरा करा, त्यात ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आणि दमटपणा मोजायचा हायग्रोमीटर तिथेच ठेवा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नाही. दमटपणा किती टक्के हवा ते जातीवर आहे, रेडफूट जातीला ७०-८० लागतात. पिल्लांना रोज १५-२० मिनिटं कोमट पाण्यात बसवायचं, पाणी हनुवटीपर्यंतच. ते मान खाली घालून पितं आणि बहुतेक वेळा त्याच पाण्यात शी पण करतं, नाक मुरडू नका, नीट बघा. पांढरं काहीतरी पडतं ते युरेट, म्हणजे लघवीतला घट्ट भाग, टूथपेस्टसारखं मऊ असेल तर ठीक, वाळूसारखं खरखरीत असेल तर पाणी कमी पडतंय.

फक्त ओल आणि गारठा एकत्र येऊ देऊ नका, त्याने छातीत कफ होतो. कासवाला आपल्यासारखा श्वासपटलाचा स्नायू नसतो, खोकून कफ बाहेर काढता येत नाही, त्यामुळे नाकातून बुडबुडे किंवा तोंड उघडून श्वास दिसला की थेट व्हेटकडे.

आणि ऊन. उन्हातल्या यूव्हीबी या अतिनील किरणांमुळे कातडीत व्हिटॅमिन डी३ तयार होतं, त्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि ढाल म्हणजे तर हाडच आहे, बरगड्या आणि मणके जोडले जाऊन झालेलं, वर नखासारखं केरॅटिन. खिडकीच्या काचेतून यूव्हीबी जवळपास येतच नाही, त्यामुळे काचेमागचं ऊन नुसतं शेकायला. बल्बचं तेच, उजेड पडतोय म्हणजे यूव्हीबी आहे असं नाही, यूव्हीबी उजेडाच्या आधीच संपत जातं.

बाहेर सोडताना सावली हवीच, कारण त्याला घाम येत नाही, आणि उन्हात उलटं पडून राहिलं तर ते तापून मरूही शकतं. कुंपण मात्र आरपार दिसणारं नको, पलीकडचं गवत दिसलं की दिवसभर तिथेच डोकं घासत, ढकलत बसेल.