सरासरी वारा ठीक आहे हो, पण झोतांचं काय?

"वारा 20 चा आहे, काढा काइट!" हे वाक्य पॉवर काइटिंगवाल्यांच्या (माणसाला ओढून नेतील असे मोठे कापडी पतंग, म्हणजे काइट, उडवणाऱ्यांच्या) तोंडात इतकं बसलंय की हा 20 नेमका कशाचा आकडा आहे हे कोणी विचारतच नाही. हवामानवाले वाऱ्याचा वेग सांगतात तो साधारणपणे 10 मीटर उंचीवर मोजलेला, 10 मिनिटांच्या सरासरीचा. झोताचा जो वेगळा आकडा देतात तो साधारण 3 सेकंदांच्या सरासरीतला सगळ्यात मोठा. तुमच्या हातातला काइट काही 10 मिनिटं थांबून हिशोब करत नाही, त्याला कळतो तो आत्ताचा वारा.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो हे शाळेत झालंय. म्हणजे ताशी 20 किमीच्या वाऱ्यात 40 चा झोत आला तर त्याच जागी उभ्या काइटची ओढ दुप्पट नाही, चौपट. आणि 30 च्या वाऱ्यात 36 चा झोत आला तर फक्त 1.44 पट. त्यामुळे 30 चा सरळ वारा परवडला, त्याला लहान काइट लावला की झालं, पण 20 चा लहरी वारा नको, कारण त्याला कुठल्या मापाचा काइट लावायचा हेच ठरत नाही.

इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. मला खरी गंमत वाटते ती पुढच्या भागात.

काइट एका जागी धरला तर त्याला फक्त वारा लागतो. तोच आडवा पळवला की त्याचा स्वतःचा वेगही वाऱ्यात मिसळतो. समजा वारा सेकंदाला 5 मीटर आहे आणि काइट वाऱ्याच्या चौपट वेगाने, म्हणजे 20 मीटरने आडवा चाललाय. आता कापडाला जाणवणारा वारा होतो 20.6 मीटर (पायथागोरस, दुसरं काही नाही). वर्ग काढले की ओढ जागच्या काइटच्या 17 पट येते. प्रत्यक्षात दोऱ्यांचा अडथळा वगैरे धरून कमी, पण अंदाज यावा म्हणून. म्हणून तर 3 चौरस मीटरचं कापड मोठ्या माणसाला फरपटत नेतं.

आता झोत येऊ दे, 5 चा वारा एकदम 8 झाला. काइट लगेच वेग घेत नाही, तो अजून 20 नेच चाललाय, त्यामुळे त्याला जाणवणारा वारा 20.6 वरून जेमतेम 21.5 होतो, फरक साडेचार टक्के. मग झटका कुठून बसतो? कोनातून! वारा आधी काइटच्या वाटेशी 14 अंशांचा कोन करून येत होता, आता तो 22 अंशांनी येतो, आणि कापडाला मिळणारी उचल या कोनावर फार अवलंबून असते. हा पहिला हप्ता, जवळजवळ तत्काळ. मग वाढलेल्या ओढीने काइट स्वतःच पळायला लागतो, पळत पळत 32 मीटरला पोचतो, तिथे कोन परत 14 वर येतो पण वेग वाढलेला राहतो आणि ओढ मूळच्या 2.56 पट होऊन बसते, हा दुसरा हप्ता. (5 ला 8 ने गुणोत्तर 1.6, त्याचा वर्ग 2.56, म्हणजे शेवटी नियम तोच निघाला, फक्त रस्ता वेगळा. हा परिच्छेद डोक्यावरून गेला तर सोडून द्या, पुढचं अडणार नाही.)

"मला हाताला कळतं, मी सांभाळतो" म्हणणारे भेटतात. माणसाला प्रतिक्रिया द्यायला पाव सेकंद तरी लागतो आणि तेवढ्यात सेकंदाला 20 मीटर वेगाचा काइट 5 मीटर पुढे गेलेला असतो. 20 मीटर दोरीवर 5 मीटर म्हणजे बरंच काही.

पण सगळे झोतालाच शिव्या देतात, आणि माझ्या मते खरा बदमाश झोत नाही, त्याच्या आधी पडलेला वारा आहे. वारा पडला की हँडल हातात एकदम हलकं लागतं, दोऱ्या सैल होतात, कापडाच्या कप्प्यांतली हवा जाऊन कडा आत दुमडते आणि डोक्यावर टिकून असलेला काइट मागे सरकत सरकत वारा जिकडे वाहतो तिकडे, तुमच्या समोर बरोबर मध्यावर येतो, जिथे ओढ सगळ्यात जास्त असते. तिथे पुढचा झोत त्याला पूर्ण भरतो आणि तो तिथूनच सुटतो. दोऱ्या सैल लागल्या की दोन पावलं मागे सरकून ताण घ्यायचा तो यासाठीच.

तर मग आज काढायचा की नाही हे कसं ठरवायचं? मी सरासरीकडे बघतच नाही. हातातलं वाऱ्याचं मीटर घेऊन मोकळ्या जागेत थोडा वेळ उभं राहायचं आणि फक्त सगळ्यात कमी नि सगळ्यात जास्त आकडा बघायचा. काइट निवडायचा तो जास्तीच्या आकड्याला, म्हणजे झोतात झेपेल एवढा लहान. मग स्वतःला विचारायचं, हा काइट कमीच्या आकड्यात वर टिकेल का? टिकणार नसेल तर आजच्या वाऱ्याला तुमच्याकडे काइटच नाही, गुंडाळा. नवशिक्याने तर जास्त आकडा कमीच्या दुप्पट झाला की बॅग उघडूच नये असं माझं मत. आणि हे हातातलं मीटर वाचतं दीड-दोन मीटर उंचीवरचा वारा, काइटच्या उंचीवर तो याहून जास्तच असतो.

ॲपमधले झोताचे रंगीत नकाशे दर तासाचा आकडा देतात तेव्हा लोक पंचांगासारखे पाळतात. ते मॉडेल काही किलोमीटरच्या चौकटीचा अंदाज देतं, तुमच्या वाऱ्याच्या बाजूला असलेली झाडांची रांग त्याला माहीतच नसते. 10 मीटर उंच झाडांमागे 100 मीटर आणि कधी त्याहून पुढपर्यंत वारा घुसळलेला असतो. दुपारी तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर उठते तेव्हाही तसंच, आणि समुद्राकडून किनाऱ्यावर येणारा वारा सहसा सरळ असतो कारण त्याच्या वाटेत ना झाडं ना तापलेली जमीन. तोच वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल तर लहरीही आणि वर तुम्हाला आत पाण्यात ढकलणारा, म्हणजे दोन्हीकडून तोटा.

एक प्रकार मात्र मीटरवर दिसत नाही. लांब कुठेतरी उंच वाढलेला काळा ढग आहे, तिथे पाऊस पडतोय, इथे ऊन आहे, वारा छान आहे. त्या पावसात थंड झालेली जड हवा खाली आदळून जमिनीवर चहूकडे पसरते आणि तिची आघाडी ढगापासून कितीतरी किलोमीटर पुढे येऊ शकते. बऱ्याचदा आधी वारा मंदावतो, मग दिशा बदलते, अंगाला गार लागतं आणि काही क्षणात वेग दुपटीच्या वर जातो. गार लागेपर्यंत थांबायचंच नाही, ढग दिसला की काइट खाली. आणि खाली आणायलाही वेळ मिळाला नाही तर चार दोऱ्यांच्या काइटची दोन्ही हँडल सरळ सोडून द्यायची, मनगटाला बांधलेले पट्टे ब्रेकच्या (कापडाच्या मागच्या कडेला जोडलेल्या) दोऱ्या ओढून धरतात आणि काइट ओढ सोडून फडफडत खाली येतो. अर्थात ते पट्टे आधी बांधलेले असतील तर.