एक गोणी सिमेंट जास्त टाकलं की बिल्डिंग जास्त टिकते?

सोसायटीत रिपेअरचं काम निघालं की हा फॉरवर्ड हमखास येतो, "सिमेंट जास्त घालायला लावा, स्लॅबला काही होणार नाही." ऐकायला पटतं, पण तसं नसतं.

काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंटच्या प्रमाणावर ठरते. मिक्स पातळ असलं की ओतायला सोपं, म्हणून साइटवर सर्रास पाण्याचा पाईप सोडतात, ते जादा पाणी नंतर उडून जातं आणि आत बारीक पोकळ्या राहतात. बरं, नुसतं सिमेंट वाढवलं तर उष्णता आणि आकुंचन वाढून तडे जातात, म्हणूनच आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानक कोडमध्ये घनमीटरला साधारण 450 किलोची वरची मर्यादा आहे. त्यात आपली मुंबईची खारी दमट हवा, तड्यातून ओल सळईपर्यंत गेली की सळई गंजून फुगते आणि बाथरूमच्या छताचे पोपडे पडायला लागतात.

शिवाय जादा सिमेंट म्हणजे जादा प्रदूषण: सिमेंटसाठी चुनखडी भाजताना दगडातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो, भट्टीच्या कोळशाचा वेगळाच.

मग बघायचं काय? पाणी मापून टाकतात का, सळईखाली कव्हर ब्लॉक (सळईभोवती काँक्रीटचा पुरेसा थर राहावा म्हणून ठेवलेले ठोकळे) आहेत का, क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, किमान 7 दिवस (फ्लाय अ‍ॅश म्हणजे कोळशाची राख मिसळलेलं सिमेंट असेल तर 10) होतंय का. 28 दिवसांचा क्यूब टेस्ट (त्याच काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद तपासतात) रिपोर्ट मागा, लाजू नका. जुन्या बिल्डिंगमध्ये इंजिनिअर ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं रसायन मारतो: गुलाबी झालं तर तिथलं काँक्रीट अजून अल्कलाइन (क्षारधर्मी) आहे आणि तेच सळईला गंजण्यापासून वाचवतं, रंगच आला नाही तर तिथल्या सळईचं संरक्षण गेलंय.