डिजिटल सर्किटला नॉइज लागतच नाही?

‘डिजिटलमध्ये फक्त 0 आणि 1, त्यामुळे नॉइजचा प्रश्नच नाही,’ हा मेसेज डिप्लोमाच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षे फिरतो. अर्धा खरा आहे, म्हणूनच तो पटतो. (नॉइज म्हणजे सिग्नलमध्ये घुसणारा नको असलेला विजेचा गोंधळ.)

तारेवर 0 किंवा 1 नसतो, असतो व्होल्टेज. जुन्या टीटीएल (ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या लॉजिक चिपांचा प्रकार) गेटचा, म्हणजे 0-1 वर काम करणाऱ्या छोट्या सर्किटचा, ‘1’ किमान 2.4 व्होल्टचा निघतो आणि 2.0 पर्यंत घसरला तरी पुढचं गेट तो ‘1’ मानतं. ‘0’ जास्तीत जास्त 0.4, पुढे 0.8 पर्यंत चालतो. दोन्हीकडे मोकळीक 0.4 व्होल्टची. हीच नॉइज मार्जिन. उद्यमनगरात वेल्डिंग मशीनशेजारी लांब वायर ओढली, की ही मोकळीक सहज संपू शकते.

मग डिजिटल टिकतं कशामुळे? गेनमुळे, म्हणजे इनपुटमधला बदल आउटपुटला किती पट होतो त्यामुळे. इन्व्हर्टरचा (0 चा 1 आणि 1 चा 0 करणाऱ्या गेटचा) गेन दोन्ही टोकांना 1 पेक्षा कमी असतो, म्हणून तिथला छोटा नॉइज पुढे जाताना दबतो. मधल्या पट्ट्यात मात्र गेन 1 पेक्षा बराच जास्त असतो. तिथे पोचलेला नॉइज उलट फुगतो. सगळीकडे गेन 1 असता तर कचरा गेटागणिक साठत गेला असता.

पडताळायला 4069यूबी हा इन्व्हर्टरचा आयसी घ्या. पिन 14 ला 5 व्होल्ट, पिन 7 ग्राउंडला, न वापरलेले इनपुटही ग्राउंडला (हे विसरलात तर रीडिंग भरकटतं). 10 किलोओहमच्या पॉटची (फिरवून बदलता येणाऱ्या रेझिस्टरची) दोन टोकं 5 व्होल्ट आणि ग्राउंडला, मधला पाय पिन 1 ला; मीटरने पिन 1 आणि पिन 2 दोन्ही मोजा. पॉट सावकाश फिरवून दोन्ही व्होल्टेज आलेखावर मांडा. उतार जिथे उणे 1 होतो (म्हणजे गेन 1; उणे कारण इन्व्हर्टर उलटवतो) ते दोन बिंदू म्हणजे सुरक्षित पट्ट्यांच्या हद्दी.