600 मिमी ठीक आहे, 95 मिमीचं काय?

उजनी जलाशयाकाठच्या भिगवणला पक्षी टिपायला निघालेल्या होडीत दोन अनोळखी फोटोग्राफर शेजारी बसले की पहिला प्रश्न ठरलेला: "कितीची लेन्स?" 400, 500, 600 असं काहीतरी उत्तर येतं आणि त्यावरून समोरच्याची पत ठरते. हा आकडा फोकल लेंथचा. पक्ष्याची प्रतिमा सेन्सरवर किती मोठी पडेल, एवढंच तो सांगतो. पक्ष्याकडून आलेला उजेड लेन्सने किती गोळा केला, हे सांगणारा दुसरा आकडा खोक्यावर छापलेला नसतो. तो आपणच भागाकार करून काढायचा.

आधी मोठेपणाचा हिशोब. छोटा खंड्या चोचीसकट साधारण 16 सेंमीचा. तो 20 मीटरवरच्या बाभळीच्या फांदीवर बसला असेल, तर 600 मिमीच्या लेन्समधून त्याची प्रतिमा 4.8 मिमी येते. फुल फ्रेम सेन्सर 36 मिमी रुंद असतो. म्हणजे इतका पैसा आणि वजन खर्चूनही पक्षी चौकटीचा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा व्यापतो. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात त्याच्या वाट्याला सुमारे 800 पिक्सेल येतात, 400 मिमीला 530 च्या आसपास.

इथे कुणीतरी म्हणतं, "माझा क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान) आहे, माझी 400 ची लेन्स 600 ची होते." होत काहीच नाही, प्रतिमा 3.2 मिमीचीच राहते. फक्त 24 मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर पिक्सेल बारीक आणि दाट असतात, त्यामुळे त्याच 3.2 मिमीत 800 च्या जवळपास पिक्सेल बसतात. 45 मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा आला की हा फायदा बराचसा आटतो.

आता तो भागाकार: फोकल लेंथ भागिले एफ-आकडा, उत्तर लेन्सच्या तोंडाचा व्यास. 600 मिमी एफ/6.3 या लेन्सचं उजेड आत घेणारं तोंड 600 भागिले 6.3, म्हणजे 95 मिमी व्यासाचं. 600 एफ/4 चं 150 मिमी. 400 एफ/4 चं 100 मिमी. ठरावीक अंतरावरच्या ठरावीक पक्ष्याकडून निघालेल्या प्रकाशकणांपैकी किती आपल्या पदरात पडणार, हे या तोंडाच्या क्षेत्रफळावर ठरतं. म्हणून 400 एफ/4 ने काढून क्रॉप केलेला खंड्या आणि 600 एफ/6.3 ने काढलेला खंड्या, दोघांच्या अंगावरचा नॉइज, म्हणजे रवाळपणा, जवळजवळ सारखाच असतो. 600 एफ/4 मात्र त्यांच्या सव्वादोन ते अडीच पट कण गोळा करते. खगोलवाल्यांना हे कधीपासून माहीत आहे. जुन्नरजवळ गिरवलीला आयुका या पुण्याच्या खगोलसंस्थेची जी दुर्बीण आहे, तिची ओळख 2 मीटरची अशीच करून देतात, आणि ते 2 मीटर आरशाच्या व्यासाचे.

कण मोजण्याचा खटाटोप कशासाठी? प्रकाश थेंबाथेंबाने येतो आणि थेंब सारखे पडत नाहीत. सरासरी 10,000 कण येणार असतील तर चढउतार 100 चा, म्हणजे एक टक्का. 100 च कण येणार असतील तर चढउतार 10 चा, म्हणजे दहा टक्के. काळ्या पिसांवरची रवाळ घाण ती हीच. आयएसओ हा कॅमेऱ्यातला उजळपणाचा आकडा वाढवून फोटो उजळ होतो, कण वाढत नाहीत.

टेलिकन्व्हर्टरचंही, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवून प्रतिमा मोठी करणाऱ्या जोडभिंगाचंही, तेच. 1.4 पटीचा कन्व्हर्टर लावला की 600 एफ/6.3 ची 840 एफ/9 होते, पण भागाकार करून पाहा, तोंड 93-95 मिमीच. तेवढंच लोणी मोठ्या भाकरीवर फासायचं. पिक्सेल जाड असतील आणि लेन्स धारदार असेल तर थोडा तपशील हाती लागतो. 2 पटीचा कन्व्हर्टर एफ/6.3 च्या झूमला लावणं मला तरी पैसे वाया घालवणं वाटतं.

मग मिररलेसने, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांनी, काय बदललं? बारीक तोंडाच्या लेन्सना प्रतिष्ठा दिली. जुन्या डीएसएलआरमध्ये फोकस करणारा सेन्सर आरशाच्या खाली वेगळा बसवलेला असे. लेन्सच्या तोंडाच्या दोन कडांकडून येणारे किरण ताडून तो अंतर ठरवी. तोंड एफ/5.6 पेक्षा, काही कॅमेऱ्यांत एफ/8 पेक्षा, बारीक झालं की त्या कडाच हरवत आणि लेन्स चाचपडू लागे. मिररलेसमध्ये फोकसचं काम फोटो टिपणाऱ्या सेन्सरवरचेच पिक्सेल करतात आणि ही अट सैल होते. म्हणून 2020 मध्ये कॅननला 600 आणि 800 मिमीच्या एफ/11 लेन्स काढता आल्या. 800 ची लेन्स अवघी सव्वा किलोची. व्ह्यूफाइंडरही इलेक्ट्रॉनिक, त्यामुळे एफ/11 ला डोळ्यापुढे अंधार होत नाही. पण त्या 800 च्या लेन्सचं तोंड 73 मिमी आहे, हे विसरू नये. भर उन्हात मजा, ढग आले की कसरत.

वजन कमी करण्याचा दुसरा रस्ता जास्त सुंदर आहे. साधी काच निळ्या किरणांना लाल किरणांपेक्षा जास्त वाकवते आणि पांढऱ्या पिसांच्या कडेला रंगीत झालर येते. ती घालवायला जड काचांचे थर चढवावे लागतात. बारीक वर्तुळाकार खाचा कोरलेली काच मात्र विवर्तनाने (बारीक कडांपाशी प्रकाश वळतो त्याने) काम करते आणि लाल किरणांना जास्त वाकवते. दोन्ही उलट दोष एकत्र आणले की एकमेकांना खातात आणि काचा कमी लागतात. खाचांची ही कल्पना फ्रेनेलच्या दीपगृहाच्या भिंगांची, 1820 च्या दशकातली. विवर्तनाची जोड नंतरची. निकॉनची 2023 ची 600 एफ/6.3 अशीच आहे, दीड किलोच्या आत. एफ/4 च्या भावंडांचं वजन तीन किलोंच्या वर आणि किंमत दहा लाखांच्या पुढे.

निवड करताना मी आधी जागा विचारेन. उजनीच्या पाण्यावर लख्ख ऊन असतं. एफ/6.3 आणि आयएसओ 400 ला शटर 1/2500 सेकंद मिळतं, आणि उडत्या सुरयांना तेवढं लागतंच. सेकंदाला 10 मीटर जाणारा पक्षी 1/1000 मध्ये 1 सेंमी सरकतो. 20 मीटरवरून 600 मिमीला, कॅमेरा स्थिर धरला तर, तेच 24 मेगापिक्सेलवर 50 पिक्सेल भरतात. कॅमेरा पक्ष्याबरोबर फिरवला तर धड सावरतं, पंख सावरत नाहीत. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपल्या हाताचा कंप घालवतं, पक्ष्याचा वेग नव्हे. इथे सोनीची 200-600 किंवा निकॉनची 180-600 यांसारखी साधारण दोन किलोंची झूम उत्तम. फ्लेमिंगो लांब आणि होडीच्या कडेला बगळा, दोन्ही सांभाळले जातात.

गोव्यातल्या तांबडी सुर्लाच्या सदाहरित रानात गणित उलटं. दाट छताखाली बाहेरच्या उजेडाचे एक-दोन टक्केच उतरतात. एफ/6.3 ला आयएसओ 3200 करूनही शटर 1/200 च्या आसपास. सुदैवाने कर्णा (मलबार ट्रोगन) हा पक्षी एका फांदीवर बराच वेळ निमूट बसतो आणि तोही जवळच. इथे 100-400 ची बारीक तोंडाची झूम घेऊन हिंडण्यापेक्षा 300 एफ/4 बरी.

इलेक्ट्रॉनिक शटरबद्दल एवढंच: सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. स्वस्त कॅमेऱ्यात तेवढ्यात पंख पुढे गेलेला असतो आणि फोटोत वाकडा येतो. अशा वेळी मेकॅनिकल शटर वापरावं.

सगळे आकडे जुळूनही सकाळी 11 च्या फोटोत दूरचे फ्लेमिंगो पाण्यात विरघळल्यासारखे का दिसतात? मधली हवा. तापलेल्या चिखलावरची गरम हवा आणि वरची थंड हवा प्रकाशाला वेगवेगळं वाकवतात. मृगजळ ज्या कारणाने दिसतं, तेच हे. फोकल लेंथ वाढवली की पक्ष्याबरोबर थरथरही मोठी होते, एफ/4 घेतली तरी सुटका नाही. उपाय दोनच: सूर्य वर चढण्याआधी जाणं आणि अंतर कमी करणं, पक्षी स्वतःहून जेवढं जवळ येऊ देतील तेवढंच. नावाड्याला थव्यात होडी घालायला सांगून मिळवलेले मीटर त्यात धरत नाहीत.

लेन्स सॉफ्ट आहे म्हणून दुकानदाराशी भांडायच्या आधी पहाटे 15 मीटरवरच्या विटांच्या भिंतीचे ट्रायपॉडवरून चार फोटो काढा. गाडीच्या एसीतून नुकतीच बाहेर काढलेली लेन्स असेल तर तिला अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या, कारण हूडमध्ये अडकलेली थंड हवाही तशीच थरथरते. भिंत चारही वेळा स्पष्ट आली तर लेन्स ठणठणीत आहे.