नावापुढचा आकडा: रेटिंगची पार्श्वभूमी

बुद्धिबळ स्पर्धेच्या पेअरिंगमध्ये, म्हणजे कोण कोणाशी खेळणार त्या यादीत, नावापुढे १८००, २००० असे आकडे दिसतात. हे रेटिंग, म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा. पूर्वी असं काही नव्हतं. सरस कोण, हे स्पर्धांच्या निकालांवरून आणि आव्हानाच्या सामन्यांवरूनच ठरायचं.

अमेरिकेच्या महासंघाने १९५० मध्ये केनेथ हार्कनेस यांची पद्धत घेतली. प्रतिस्पर्ध्यांच्या रेटिंगची सरासरी काढायची आणि खेळाडूने मिळवलेल्या गुणांच्या ५० टक्क्यांवरच्या प्रत्येक टक्क्याला १० पॉइंट जोडायचे. हिशेब सोपा, पण खोट मोठी. सरासरी १६०० असेल तर सगळे डाव जिंकूनही कामगिरी २१०० च भरायची. २२०० चा खेळाडू एकही डाव न गमावता तोट्यात!

हंगेरीत जन्मलेले, मिलवॉकीत भौतिकशास्त्र शिकवणारे अर्पाद एलो स्वतः तगडे खेळाडू होते. त्यांनी हिशेब डावाआधीच्या अपेक्षेवर बसवला. अमेरिकेने तो १९६० मध्ये आणि फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, १९७० मध्ये स्वीकारला.

१८०० विरुद्ध २००० हा डाव घ्या. विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा. २०० पॉइंटच्या फरकाला वरच्याकडून ०.७६ गुणाची अपेक्षा असते, खालच्याकडून ०.२४. मिळालेल्या गुणातून अपेक्षा वजा करून के फॅक्टरने, म्हणजे एका डावाने रेटिंग किती हलावं ते ठरवणाऱ्या आकड्याने, गुणायचं. के २० असेल तर १८०० वाल्याला विजयाचे १५.२ आणि बरोबरीचे ५.२ पॉइंट मिळतात. हरला तर ४.८ जातात. बरोबरीची किंमत वरच्याला का झोंबते, ते इथे कळतं. प्रतिस्पर्धी आलाच नाही तर स्पर्धेत पूर्ण गुण मिळतो, पण तो डाव रेटिंगला धरत नाहीत. दोघांनी निदान एकेक चाल केलेली हवी.

के सर्वांना सारखा नसतो. नवख्याला ३० डाव होईपर्यंत ४०, पुढे २०, आणि एकदा २४०० गाठलं की १०. अठरा वर्षं पूर्ण होतात त्या वर्षअखेरपर्यंत, २३०० च्या खाली असलेल्या मुलांनाही ४०.

तरीही मुलांचा खेळ आकड्याच्या पुढे धावतो. १२०० रेटिंगचा मुलगा प्रत्यक्षात १६०० च्या ताकदीने खेळतो आणि समोरच्याचे पॉइंट उगाच जातात. असं वर्षानुवर्षं झाल्याने खालची रेटिंग घसरत गेली. म्हणून १ मार्च २०२४ ला फिडेने २००० च्या खालच्या प्रत्येकाला २००० पर्यंतच्या अंतराच्या ४० टक्के पॉइंट दिले. १५०० चे १७०० झाले, १८०० चे १८८०. किमान रेटिंगही १००० वरून १४०० वर आलं. त्यामुळे जुन्या डावात खेळाडूपुढे १५०० दिसलं, तर आधी तारीख बघा.